आधी मंगळवार पाहावा : चंद्रपूर-गडचिरोलीच्या कौटुंबिक सहलीचे नियोजन

मुलांसाठी मनोरंजन उद्यान, मोठ्यांसाठी किनाऱ्याकिनाऱ्याने मोटारीचा प्रवास आणि जाताजाता एखाद्या शहराचे दर्शन, असा तिहेरी बेत मराठी कुटुंबांत आता चांगलाच रुळला असून, पश्चिम महाराष्ट्रात खोपोलीजवळचे इमॅजिका, कोकणच्या सागरी मार्गाचा एखादा तुकडा आणि मुंबई अशी त्याची मांडणी होते, तर विदर्भातील कुटुंबे रामोजी फिल्म सिटी, हैदराबाद आणि विशाखापट्टणमचा किनारा एका दौऱ्यात बसवू पाहतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत यांपैकी पहिल्या दोन गोष्टी शब्दशः मिळत नाहीत. येथे पाळणे आणि घसरगुंड्यांचे मोठे उद्यान नाही आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही ठरलेल्या वेळेचा थरार, पाण्याच्या सोबतीने चालणारा लांबचा रस्ता आणि पायी हिंडण्याजोगे जुने शहर हा त्या बेताचा गाभा मानला, तर ताडोबाचे जंगल, वैनगंगा-प्राणहितेचा काठ आणि गोंड राजांची चांदानगरी, म्हणजे चंद्रपूर शहर, मिळून तो गाभा येथे पुरेपूर सापडतो.

अशा सहलीचे नियोजन बहुतेक घरांत अंतरांच्या तक्त्यावरून होते आणि येथेच ते फसते. या भागात अंतरांपेक्षा वेळेची जात महत्त्वाची ठरते. जंगल सफारीची वेळ ताठर असते, म्हणजे ती महिनोन्महिने आधी ठरते आणि एकदा ठरली की हलत नाही. शहराची वेळ लवचीक असते, कारण किल्ल्याचा दरवाजा सकाळी पाहिला काय आणि संध्याकाळी पाहिला काय, तो तेथेच असतो. आणि गडचिरोलीच्या दक्षिणेकडील रस्त्याची वेळ बेभरवशाची असते, कारण खड्डे, खनिजाचे ट्रक आणि पावसाळ्यात पुलावरून वाहणारे पाणी यांपुढे नकाशावरील तास-मिनिटांचा हिशेब टिकत नाही. म्हणून आधी ताठर वेळ पक्की करावी, मग रस्त्यासाठी ऐसपैस दिवस राखावेत आणि उरलेल्या फटींत शहर बसवावे, हा क्रम सोयीचा पडतो.

ताठर वेळेचा पहिला नियम म्हणजे मंगळवार. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात मंगळवारी सफारी बंद असते, आणि दूरवरून येणाऱ्या कुटुंबाने रेल्वेची तिकिटे आधी काढून मग हा वार पाहिला, तर मुक्कामातील एक अख्खा दिवस हात चोळत काढावा लागतो. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. ते १९५५ मध्ये घोषित झाले, शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झाले आणि दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये आकारास आला. प्रकल्पाचे दोन भाग आहेत. सुमारे ६२५ चौरस किलोमीटरच्या आतल्या भागाला गाभा क्षेत्र म्हणतात, जेथे वन्यजीवांखेरीज इतर वापराला कडक मर्यादा असते. त्याभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आहे, जेथे गावे, शेती, गुरे आणि वाघ यांना एकाच भूमीत नांदावे लागते. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी आणि खुटवंडा ही गाभ्याची प्रवेशद्वारे असून, चंद्रपूरहून येणाऱ्यांना सुमारे ३० किलोमीटरवरील मोहर्ली सोयीचे पडते, तर नागपूरहून थेट जंगलात उतरू पाहणाऱ्यांना उत्तरेकडचे कोलारा बरे पडते. आरक्षण करताना प्रवेशद्वाराचे नाव न पाहता पैसे भरणारी आणि मग मुक्काम मोहर्लीला व सफारी कोलाऱ्याहून अशा पेचात सापडणारी कुटुंबे कमी नसतात. दोन्ही द्वारे एकाच जंगलाची असली, तरी एकीकडून दुसरीकडे जायला जंगलाला बाहेरून मोठा वळसा घालावा लागतो.

द्वारावरची रीत एकदा समजून घेतली की पहाटेची धांदल टळते. सूर्योदयाच्या सुमारास जिप्सींची रांग लागते; परवान्यावरील प्रत्येक नाव ओळखपत्राशी ताडून पाहिले जाते, आणि आरक्षणाच्या वेळी दाखविलेले ओळखपत्र घरी विसरलेल्या आजोबांना तेथे कोणाचीही ओळख उपयोगी पडत नाही. उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, चालक आणि स्थानिक गाइड बसतात. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे छायाचित्रे हवी असतील तर स्वतंत्र कॅमेरा लागतो, आणि मोबाइलविना चार तास काढण्याची मुलांची मानसिक तयारी आदल्या रात्रीच करून घ्यावी लागते. आत गेल्यावर बराच वेळ काहीच घडत नाही. मग एकाएकी चितळ कर्कश ओरडते, झाडावरचे वानर खाकरल्यासारखा आवाज काढते, गाइड हात वर करतो, चालक इंजिन बंद करतो आणि सारी जिप्सी कान टवकारून बसते. भक्ष्य असलेल्या प्राण्यांच्या या इशाऱ्यांना ‘कॉल’ म्हणतात. कॉल थांबला आणि वाघ दिसला नाही, तरी त्या पाच मिनिटांत जंगल कसे चालते याचा जो धडा मिळतो, तो मुलांना आधी समजावून सांगितलेला असेल, तर सफारी वाया गेल्यासारखी वाटत नाही.

मनोरंजन उद्यानाशी ताडोबाची तुलना येथे संपते, आणि ती येथे संपते हे पालकांनी आधीच ओळखलेले बरे. उद्यानात पैसे भरले की झोका मिळतो. जंगलात पैसे भरले की प्रवेश मिळतो, बाकी काही नाही. दुर्दैवाने पर्यटनाच्या जाहिरातींनी वाघाला एखाद्या खेळासारखे उभे केल्याने, अस्वल, रानगवा, रानकुत्र्यांची टोळी आणि ताडोबा तलावातील मगरी एवढे सगळे पाहूनही ‘काही दिसले नाही’ असे म्हणत परतणारी कुटुंबे भेटतात. दोन, फार तर तीन सफारी पुरेत. चौथ्या सफारीला लहान मुले जिप्सीत पेंगतात आणि मोठ्यांचे लक्ष खर्चाकडे जाते. त्यांतील एक सफारी आगरझरी किंवा जुनोना यांसारख्या बफरमधील द्वारातून घ्यावी, कारण तेथे गाइडशी गावातील गुरे, मोहफुलांचा हंगाम आणि वाघाची भीती यांबद्दल बोलता येते. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि पुढे त्याला देवपण मिळाले, अशी आदिवासींची श्रद्धा आहे; ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आले असे मानतात आणि तलावाकाठी त्याचे स्थान आहे. चंद्रपूर जिल्ह्यात आजही दरवर्षी सरपण, तेंदूपत्ता किंवा मोहफुले वेचायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात. मुलांना वाघाची गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये.

ऋतूचा प्रश्न मंगळवारापेक्षा अवघड आहे. पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असते. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक आणि शाळांनाही सुटी, म्हणून आरक्षणाची झुंबड याच महिन्यांवर पडते. परंतु चंद्रपूर हे देशातील सर्वाधिक तापणाऱ्या शहरांपैकी एक असून तेथे पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो, आणि दुपारच्या उघड्या जिप्सीत सहा वर्षांचे मूल किंवा सत्तरीतील आजी बसविणे हे धाडसच म्हणावे लागेल. दिवाळीच्या सुटीत हवा सुखद असते, नद्यांना पाणी असते, पण गवत माणसाच्या कमरेएवढे वाढलेले असल्याने प्राणी दिसणे कठीण जाते. नाताळात हवा उत्तम, मात्र गर्दी आणि दर दोन्ही चढे. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर वाघाच्या शक्यतेवर थोडे पाणी सोडून दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत, हेच सयुक्तिक वाटते, कारण तेव्हा आणखी एक लाभ होतो: धानाची कापणी होऊ लागली की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या भातपट्ट्यातील ही व्यावसायिक नाट्यपरंपरा असून, देसाईगंज-वडसा येथे तिच्या मंडळ्यांची कार्यालये आहेत, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावच्या मंडई, म्हणजे जत्रा, व शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने तिचे प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. सफारीच्या आदल्या रात्री नाटकाला बसू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते.

मंगळवारी जंगल बंद, म्हणून तो दिवस चंद्रपूर शहराला द्यावा, हे सरळ गणित झाले. त्यात एकच खोच आहे. मंगळवार हा देवीचा वार असल्याने महाकाली मंदिरात त्या दिवशी दाटी असते, आणि चैत्रात यात्रा भरली की मराठवाडा व तेलंगणातून आलेल्या भाविकांनी झरपट नदीचा काठ फुलून जातो. दर्शनाची ओढ असलेल्यांनी पहाटे जावे. केवळ वास्तू पाहायची असेल त्यांनी मंदिर दुसऱ्या एखाद्या दुपारवर ढकलावे. सध्याचे मंदिर गोंड राणी हिराई हिच्या काळातील, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीचे. याच राणीने पती बीरशहा याच्या स्मरणार्थ उभारलेली समाधी अंचलेश्वर मंदिराजवळ असून, नवऱ्याने बायकोसाठी बांधलेल्या वास्तूंची कीर्ती जगभर असताना बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही देखणी इमारत जिल्ह्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसावी, हे नवल आहे.

शहराभोवतीचा परकोट, म्हणजे संपूर्ण वस्तीला वेढणारी तटबंदी, सुमारे ११ किलोमीटर लांबीचा असून गोंड राजांच्या अनेक पिढ्यांनी तो पूर्ण केला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार मुख्य दरवाजे, आणि त्यांखेरीज ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या लहान वाटांना खिडक्या म्हणतात. चोर खिडकी, विठोबा खिडकी, मसण खिडकी अशी त्यांची नावेच मुलांना शहर पायी फिरायला लावण्यास पुरेशी आहेत. जटपुरा दरवाजाशी वाहनांच्या गोंगाटात क्षणभर थांबून वर पाहिले, तर हत्तीला पंजाखाली दाबणारा सिंह कोरलेला दिसतो. हे गोंड राजसत्तेचे चिन्ह होते आणि दरवाजादरवाजावर ते शोधत जाणे हा मुलांसाठी उत्तम खेळ ठरतो. तटावर माजलेली झुडपे आणि साचलेला कचरा काढण्याचे काम इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ मध्ये श्रमदानाने हाती घेतल्यामुळे तटाचा काही भाग चालण्याजोगा झाला. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल बाबूराव शेडमाके यांना याच शहराच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. लालपेठ भागातील अवाढव्य, अर्धवट राहिलेली दगडी शिल्पे पाहायला अर्धा तास पुरतो, आणि सावली नसल्याने त्याहून अधिक थांबवतही नाही. नागपूरहून मोटारीने येणाऱ्यांना वाटेतच वरोऱ्याचे आनंदवन आणि भद्रावतीच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणी लागतात, तेव्हा त्यांसाठी वेगळा दिवस मोडण्याचे कारण नाही.

आता किनारा. चंद्रपूरहून सरळ रेषेत मोजले तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर कितीतरी जवळ आहे, आणि या दोन्ही जिल्ह्यांत पडणारा पाऊस अखेरीस गोदावरीतून तिकडेच जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नेमका हाच धागा पकडून, वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून नौकांनी पूर्व किनाऱ्यावर उतरविण्याची मोठी योजना आखली होती. सर आर्थर कॉटन तिचे पुरस्कर्ते होते. नदीत ठिकठिकाणी आडव्या आलेल्या खडकांच्या पट्ट्यांना त्या काळी अडथळे म्हणत आणि त्यांपैकी तिसरा अडथळा आजच्या अहेरी तालुक्यातील देवलमरीजवळ प्राणहितेत होता. बराच पैसा ओतल्यानंतर १८७१ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली, कारण तोवर कापूस न्यायला रेल्वे आली होती. समुद्राकडे निघालेल्या त्या जलमार्गाचा काठ आज मोटारीने जाण्याचा रस्ता आहे.

मात्र कोकणातल्यासारखे एका बाजूला सतत पाणी दिसेल, ही अपेक्षा ठेवू नये. रस्ता बहुतांशी सागाच्या जंगलातून जातो आणि नदी अधूनमधून भेटते: मूल-सावलीमार्गे गडचिरोलीत शिरताना व्याहाडच्या पुलावर वैनगंगा, पुढे चामोर्शीजवळ मार्कंडा येथे पुन्हा वैनगंगा, आष्टीच्या पुढे चपराळ्यापाशी वर्धा व वैनगंगा यांचा संगम, जेथून नदीला प्राणहिता हे नाव मिळते, आणि शेवटी सिरोंच्याला प्राणहिता व गोदावरी. यांपैकी मार्कंड्याला किमान दोन तास द्यावेत. वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून स्थान पवित्र मानले गेले. काठावरील मंदिरसमूहाची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात घेतली, आणि मुख्य मंदिराच्या भिंतींवर देव, अप्सरा व व्याल यांच्या इतक्या दाट ओळी आहेत की त्याला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणण्याची प्रथा पडली. त्या बिरुदाची या मंदिराला गरज नाही. वीज पडून शिखराची हानी झाली आणि पुरातत्त्व खात्याच्या जीर्णोद्धाराचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, त्यामुळे क्रमांक घातलेले दगड आवारात मांडलेले पाहण्याची तयारी ठेवावी. मंदिर कसे रचले जाते हे कुतूहल असलेल्या मुलाला त्यातूनही पुष्कळ समजते. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र मोटारीने तिकडे फिरकू नये.

आष्टीपासून आलापल्लीपर्यंतचा टप्पा सहलीतला सर्वांत कंटाळवाणा. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक याच बाजूने होत आल्याने जड ट्रकांमागे सरकत राहावे लागते. हा प्रवास दिवसाउजेडीच संपवावा, कारण अंधारात रस्त्यावर जनावरे येतात आणि लहान मोटारीला ट्रकांच्या धुळीत समोरचे दिसत नाही. आलापल्लीत इंधनाची टाकी भरून घ्यावी, रोख पैसे जवळ ठेवावेत आणि पुढे मोबाइलचे नेटवर्क तुटत-जुळत राहील हे घरच्यांना कळवून ठेवावे. गडचिरोली हा राज्यात हिवतापासाठी कुप्रसिद्ध असलेला जिल्हा असल्याने मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांना पर्याय नाही. माओवादी हिंसाचार अलीकडे बराच ओसरला असला तरी नाक्यांवर पोलीस चौकशी करतात. ओळखपत्रे वरच्या खिशात असली की ती दोन मिनिटांत आटोपते.

आलापल्लीत दोन रात्री काढाव्यात, कारण येथून दोन दिशांना दोन वेगळी जगे आहेत. पूर्वेला भामरागडच्या वाटेवर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा कुऱ्हाड न लागलेल्या जुन्या सागवनाचा सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा आहे, जो २०१४ मध्ये महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. त्याच रस्त्यावर पुढे हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प आहे. माडिया गोंडांसाठी आरोग्य आणि शिक्षणाचे हे काम २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाले, आणि ते उभे करणारे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथील वन्यप्राण्यांचे अनाथालय मुलांना आवडते, यात शंका नाही. पण ते रुग्णालय आणि निवासी शाळा यांच्या शेजारी आहे, आणि ओसरीवर बसलेल्या रुग्णांची छायाचित्रे काढत हिंडणारे पर्यटक हा तेथील जुना ताप आहे. पुढे भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम पाहता येतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून ऑगस्टमधील जोडसुट्यांचा मोह या दिशेने होऊ नये.

दक्षिणेला सिरोंच्याच्या मार्गावरून आत वळल्यावर कमलापूरचा शासकीय हत्ती कॅम्प लागतो, जो राज्यातील एकमेव आहे. येथील हत्ती पूर्वी जंगलातील सागाचे ओंडके ओढण्यासाठी पाळलेल्या हत्तींच्या परंपरेतील असून, आता ते जंगलात चरतात आणि तलावात डुंबतात. हिवाळ्यात, सामान्यतः जानेवारीत, त्यांना काही दिवसांची रजा असते. या काळात वनौषधी उकळून केलेल्या लेपाने त्यांचे पाय शेकले जातात, ज्याला येथील महावत ‘चोपिंग’ म्हणतात, आणि कॅम्प पर्यटकांसाठी बंद राहतो. तेव्हा जानेवारीत येणाऱ्यांनी मंगळवाराइतकीच हत्तींची रजाही विचारून घ्यावी.

सिरोंचा हे इंग्रजी अमदानीत अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. आज येथे मराठीइतकीच तेलुगू कानी पडते आणि खाणावळीतले जेवण एकदम तिखट होते. याच तालुक्यात वडधम येथे झाडांचे आणि प्राण्यांचे जीवाश्म, म्हणजे दगड झालेले प्राचीन अवशेष, जपणारे उद्यान आहे. पोचमपल्ली परिसरात सापडलेल्या हाडांवरून सुमारे १४ मीटर लांबीच्या, ज्युरासिक काळाच्या पूर्वार्धातील शाकाहारी डायनोसॉरचे वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला बारापासोरस टागोराय असे नाव मिळाले, कारण उत्खनन रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराचे होते. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे, त्यामुळे वडधमला जाऊन मुलांनी यंत्रावर डोलणारा डायनोसॉर शोधू नये. येथे पाहायचा तो खडक आणि त्यात अडकलेले लाकूड.

नदीपलीकडे तेलंगणातील काळेश्वरचे देऊळ पुलावरून सहज गाठता येते, आणि जवळच मेडीगड्डा बंधारा आहे, ज्याचे काही खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचल्याने तो देशभर चर्चेत आला. परतीसाठी त्याच ट्रकांच्या रस्त्याने चंद्रपूर गाठण्याचा हट्ट धरू नये. सिरोंच्याहून प्राणहितेचा पूल ओलांडून चेन्नूरमार्गे मंचेरियालला पोचता येते, आणि हे स्थानक काझीपेठ-बल्लारशाह रेल्वेमार्गावर असल्याने बल्लारशाह, चंद्रपूर किंवा नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या तेथे मिळतात. मोटार भाड्याची असेल तर चालकाला मंचेरियालपर्यंतचे भाडे आणि रिकाम्या परतीचे पैसे आधीच ठरवून द्यावे लागतात. परराज्यातील प्रवेशाचा परवाना गाडीकडे आहे की नाही, हे मात्र चंद्रपूर सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे.